हलव्याला काटा येताना

थंडीचे दिवस आले, की पुण्यातली माणसे एकमेकांना दिसू लागतात. तुम्ही म्हणाल, एरवी ती काय अदृश्य असतात? तसेच काहीसे आहे. उन्हाळ्यात माणसे पंख्याखाली असतात, नाहीतर कोकणात. पावसाळ्यात दारे लावलेली, खिडक्या लावलेल्या, आणि जिन्यात कुणी भेटलेच तर त्याच्या छत्रीचे पाणी आपल्या पायावर पडू नये एवढीच काळजी. पण कोजागरीचे दूध पिऊन झाले, दिवाळीच्या पणत्या पुसून फडताळात गेल्या आणि पहाटे पांघरूण अंगाशी ओढावेसे वाटू लागले, की दारे उघडतात. माणसे उन्हाला येतात. उन्हाला आली की बोलतात, आणि बोलली की बातम्या तयार होतात.

आमची सोसायटी कर्वे रस्त्याच्या कडेला आहे. तीन इमारती, छत्तीस बिऱ्हाडे, मध्ये अंगण, अंगणात एक बकुळ आणि फाटकाशी एक फळा. फळ्यावर बारमाही काय असते ते तुम्हांला ठाऊक आहेच: पाणी येणार नाही, वर्गणी भरावी, वाहने नीट लावावीत. आता व्हॉट्सॲपचा गट झाल्यापासून फळ्याचा मान थोडा उतरला आहे खरा. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत त्या काळ्या चौकटीला पुन्हा तेज चढते. त्या चार महिन्यांच्या बातम्या मी दर वर्षी मनाशी टिपून ठेवते. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या बाईला एवढा छंद क्षम्य असावा.

पहिली बातमी अर्थातच तापमानाची. पुणेकराला थंडी नुसती वाजून भागत नाही. ती किती अंशांची वाजली हे त्याला कळावे लागते. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आले, तेव्हापासून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला सारे गाव ‘शिमला ऑफिस’ म्हणते. आणि शिमल्याचे नाव घेऊन आकडा सांगितला की थंडीला आपोआप वजन येते. आमच्या कट्ट्यावरचे आजोबा कुठल्याही आकड्याने हलत नाहीत. पारा दहावर आला असे सांगितले, की ते म्हणतात, “दहा? अहो, १९३५ च्या जानेवारीत एक पूर्णांक सात होतं!” आकडा अगदी बरोबर आहे. १७ जानेवारी १९३५ चा. त्या वेळी आजोबांचा जन्म झालेला नव्हता, ही गोष्ट मात्र कुणी काढत नाही. थंडीच्या बाबतीत वडिलांची थंडीही आपलीच धरायची, असा संकेत आहे.

या कट्ट्याचीही गंमत आहे. तो एका जागी नसतो. सकाळी आठला मंडळी पहिल्या इमारतीच्या भिंतीशी असतात, साडेनऊला बकुळीखाली, अकराला पाण्याच्या टाकीजवळ. ऊन सरकते तसा कट्टा सरकतो. घड्याळ न पाहता केवळ आजोबांकडे बघून कॉलेजला निघायची वेळ झाली का हे मला कळते.

दुसरी बातमी मुलांची. दिवाळीत त्यांनी केलेला किल्ला नंतर आठवडाभर तरी तसाच असतो. बुरुजाला चिरा पडतात, अळिवाचे गवत वाढून मावळ्यांच्या कमरेला लागते, आणि सिंहासनावरच्या महाराजांपुढे एखादे मांजर खुशाल ऊन खात बसते. मग तुळशीचे लग्न. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कुठलाही दिवस चालतो, म्हणून आमच्याकडे रविवार साधून घेतात. उसाचा मांडव, चिंचा, आवळे, अंतरपाट धरायला दोन भाचरे, आणि मंगलाष्टकांत जो तो आपापला सूर लावतो. वधूपक्ष कुठला आणि वरपक्ष कुठला याचा घोळ अजून मिटलेला नाही. मात्र चुरमुरे, पेढे वाटताना दोन्ही पक्ष हजर असतात.

मग मार्गशीर्ष. चंपाषष्ठीला चातुर्मासाचे वांगे-कांद्याचे व्रत सुटते आणि जिन्याजिन्यातून भरिताचा वास दरवळतो. गुरुवारी लक्ष्मीचे घट मांडलेले असतात. दत्तजयंतीला कुणाच्या तरी घरचा सुंठवडा येतो. धनुर्मासात उगवतीच्या आधी स्वयंपाक करून जेवायचे, हा नेम आता आमच्या साऱ्या सोसायटीत एकाच घरी उरला आहे. पण त्या घरच्या मुगाच्या खिचडीवर आणि बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा असतो, म्हणून त्या महिन्यात पहाटे फिरायला जाणाऱ्यांची संख्या वाढते आणि फिरून परत येण्याची वाट नेमकी त्याच जिन्यावरून जाते. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव. पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली तो सुरू केला. पूर्वी रात्र रात्र चालणारी ती मैफल आता वेळेच्या नियमात बसली आहे; पण शाली, घोंगड्या, कानटोप्या आणि थर्मासमधला चहा यांचा सरंजाम तोच. आमच्या सोसायटीतून दर वर्षी सातआठ जण जातात आणि पुढचा महिनाभर बाकीच्यांना, आपण काय गमावले, ते सांगत राहतात.

आणखी एक बातमी फाटकापाशी असायची, ती आता नसते. रखवालदार आणि त्याची बायको वाळक्या पाचोळ्याची शेकोटी करीत आणि रात्री उशिरा परतणारा जो तो दोन मिनिटे तिथे हात शेकून घेई. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरात उघड्यावर कचरा जाळायला बंदी केली. साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावरच्या जाळण्याला पंचवीस हजार दंड. योग्यच झाले, पेटलेल्या पाचोळ्याचा धूर थंडीत वर जात नाही, वरच्या मजल्यावरच्या दमेकऱ्याच्या खिडकीशी रेंगाळतो. आता आमचा पाचोळा खतासाठी खड्ड्यात जातो आणि रखवालदाराला सोसायटीने दोन जाड ब्लँकेटे दिली आहेत. मात्र शेकोटीभोवती जी दोन मिनिटांची बोलाचाली होई, तिच्यासाठी अजून कुणी खड्डा खणलेला नाही.

असे करीत करीत वर्ष सरते, जानेवारी उजाडतो, आणि नऊ नंबरच्या काकूंच्या घरातून वेलदोड्याचा आणि साखरेच्या पाकाचा वास येऊ लागतो. तो आला की समजावे, हलवा सुरू झाला.

हलवा विकत मिळतो, पुष्कळ मिळतो आणि दिसायलाही बरा असतो. पण ज्यांनी घरी हलवा करताना पाहिले आहे त्यांना त्यातला फरक सांगावा लागत नाही. काकू पितळेची परात मंद आचेवर ठेवतात. परातीत तीळ. शेजारी पातेलीत एकतारी पाक. त्यातला एक चमचा तिळांवर सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ अलगद फिरवत राहायचे. पाक सुकला की दुसरा चमचा. तो सुकला की तिसरा. घाई केली की तीळ एकमेकांना चिकटून लाडू होतो. आच वाढली की साखर पिवळी पडते. असे रोज दोनतीन तास, आणि एका परातीला चारपाच दिवस. बोटांची टोके लाल होतात. आणि एवढे करूनही काटा येईल की नाही, हे करणाऱ्याच्या हाती पूर्णपणे नसते. हवा गार आणि कोरडी असेल तर पाकातले पाणी चटकन उडते आणि साखर दाण्यावर टोकाटोकाने बसते. आभाळ आले, हवा दमट झाली, की काटा बसून जातो आणि हाती नुसती गुळगुळीत गोळी उरते. म्हणून काकू सकाळी उठल्याबरोबर आधी आभाळ बघतात. शिमला ऑफिसच्या आकड्यांची खरी गरज आमच्या सोसायटीत कुणाला असेल तर ती त्यांना.

या हलव्याचे काकू दागिने करतात. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला तन्मणी, बाजूबंद, तोडे, बिंदी. काळ्या चंद्रकळेवर ते पांढरे काटेरी दागिने असे खुलतात, की सराफाने मान खाली घालावी. बाळाच्या बोरन्हाणाला मुकुट, बासरी, वाळे. गेल्या पंचवीस वर्षांत आमच्या सोसायटीत जेवढ्या सुना आल्या आणि जेवढी बाळे झाली, त्या साऱ्यांच्या पहिल्या संक्रांतीच्या फोटोत काकूंच्या हातचा हलवा आहे.

आणि काकू स्वतः मात्र गेल्या काही वर्षांत एकाही फोटोत नाहीत. काका २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. त्या पुढच्या संक्रांतीपासून हळदीकुंकवाच्या यादीत काकूंचे नाव आले नाही. कुणी ते खोडले, असे नव्हे. महिला मंडळाची यादी वर्षानुवर्षे एकाच वहीत आहे, आणि त्या वहीच्या पहिल्याच रकान्यात प्रत्येक ओळीला ‘सौ.’ लिहिलेले आहे. पुढचे नाव रकान्यात बसेनासे झाले की ते आपोआप बाहेर पडते. त्यासाठी कुणाला वाईट व्हावे लागत नाही. सगळ्या चांगल्या बायका होत्या. काकांच्या आजारपणात याच बायकांनी दाराशी डबे ठेवले होते, औषधे आणली होती. पण संक्रांतीच्या संध्याकाळी त्या गच्चीवर असत आणि काकू खाली आपल्या घरात, दिवा लावून, टीव्हीचा आवाज जरा मोठा करून. हलवा मात्र वर जाई. स्टीलच्या डब्यात भरून, कुणातरी मुलाच्या हाती.

मी त्यांना एकदा विचारले होते. त्या हसून म्हणाल्या, “अगं, मला कुणी अडवलंय का? पण आपण गेलो आणि कुणाचा हात करंड्यापाशी थबकला, तर तिलाही अवघड आणि मलाही. त्यापेक्षा घरचं बरं.”

थबकलेला हात. एवढ्या चार अक्षरांत केवढी मोठी रूढी मावते!

आता थोडे पंचांगाकडे वळते, कारण संक्रांतीचे पंचांग मोठे बोलके आहे. आपला समज असा, की बाकी सारे सण पुढेमागे होतात, संक्रांत मात्र चौदा जानेवारीला ठाम उभी. पण तीही सरकते. पृथ्वीच्या आसाच्या संथ भ्रमणामुळे ती साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला, आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. २०२४ साली आपण तिळगूळ वाटला तो १५ जानेवारीला. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी मकरसंक्रमण आणि सूर्याचे उत्तरेकडे वळणे एकाच सुमाराला होत असे. आज सूर्य २१-२२ डिसेंबरलाच वळतो आणि आपण तीन आठवडे उशिरा त्याचे स्वागत करतो. म्हणजे जिला आपण अढळ म्हणतो ती संक्रांतसुद्धा पिढ्यापिढ्यांनी आपली जागा बदलते. पंचांग करणाऱ्यांनी ते मान्य केले आहे. वहीतल्या रकान्याने मात्र जागचे हलायचे नाही, असा आमचा हट्ट.

आणि हा हट्ट कुठे? तर कर्वे रस्त्यावर! धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याला नेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि संध्याकाळी गावाबाहेर हिंगण्याला चालत जायचे, असा त्यांचा नेम होता. चिखल असो, अंधार असो. आज तिकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. त्याच रस्त्यावरच्या दुकानांतून आम्ही वाणाच्या स्टीलच्या वाट्या घासाघीस करून आणतो आणि घरी येऊन ‘सौ.’च्या रकान्यावर खुणा करतो. वर्गात मी शिकवते, की मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची, आणि तिचा विषय विधवांची दुःस्थिती. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ त्याच शतकाच्या शेवटच्या दशकातली. विद्यार्थिनी नोट्स उतरवून घेतात. केशवपन गेले, आलवण गेले, विधवेचे शिक्षण आले, नोकरी आली, पुनर्विवाहाला कुणी वळून पाहत नाही. एवढे सगळे झाले आणि एक चिमूटभर कुंकू तेवढे मागे राहिले. मोठे दगड माणसे एकजुटीने उचलतात. चिमटीत मावणाऱ्या गोष्टीकडे लक्ष कोण देणार?

ते लक्ष दिले आमच्याकडे नव्याने आलेल्या एका सुनेने. सोळा नंबरमध्ये २०२४ च्या मे महिन्यात लग्न झाले. मुलगी संगणकाच्या कामातली, बोलायला मोकळी. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी गच्चीवर संक्रांतीची बैठक भरली. वाण काय द्यायचे यावर पाऊण तास गेला: कापडी पिशवी की तुळशीचे रोप, की पुन्हा वाटीच. मग वहीचे वाचन सुरू झाले. ते संपल्यावर ही मुलगी म्हणाली, “यात नऊ नंबरच्या काकू नाहीत.”

कुणीतरी हलकेच सांगितले, “अगं, त्या येत नाहीत.”

“येत नाहीत, की आपण बोलावत नाही?”

गच्चीवर वाऱ्याचा आवाज ऐकू येऊ लागला. ती पुढे म्हणाली, “माझे दागिने त्या करताहेत. मी त्यांच्याकडे बसून पाहिलंय, बोटं भाजतात त्यांची. ज्यांनी दागिने केले त्यांनीच ते माझ्या अंगावर घालावेत, असं मला वाटतं. नाहीतर मी यंदा घालणारच नाही.”

आता विरोध कुणी केला असेल? तुमच्या मनात शहाऐंशी वर्षांच्या एखाद्या आजी आल्या असतील. दोन नंबरच्या आजी तिथे होत्या खऱ्या. त्या जपमाळ ओढीत गप्प बसून होत्या. विरोध आला तो आम्हां चाळिशी-पन्नाशीच्या, शिकल्यासवरल्या, नोकरी करणाऱ्या बायकांतून, आणि तोही विरोध म्हणून नव्हे. “माझं काही म्हणणं नाही, पण सासूबाईंना काय वाटेल?” “आमच्याकडे चालेल हो, पण सगळ्यांना चालायला नको का?” “काकूंनाच संकोच होईल.” “वेगळा तिळगूळ समारंभ करू या की त्यांच्यासाठी.” ज्याला त्याला स्वतःचे काही म्हणायचे नव्हते, प्रत्येकीचे म्हणणे दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर होते. रूढीचे हे वैशिष्ट्य मी पुस्तकात वाचले होते, गच्चीवर ते डोळ्यांनी पाहिले. तिला मालक नसतो, नुसते भाडेकरू असतात. मी म्हटले, आपल्या सगळ्यांची म्हणणी बाजूला ठेवून आपण काकूंना रीतसर बोलावू आणि उत्तर त्यांच्यावर सोडू. यावरही माना अर्ध्याच हलल्या.

तेवढ्यात चहाचे कप गोळा करणाऱ्या मावशी थांबल्या. सोसायटीतल्या चार घरी त्या पोळ्या करतात, माहेर शिरोळकडचे. त्या म्हणाल्या, “आमच्याकडं तर ग्रामपंचायतीनंच ठराव केलाय की, बाई. नवरा गेला म्हणून कुंकू पुसायचं न्हाई, बांगड्या फोडायच्या न्हाईत.”

मावशी सांगत होत्या ते हेरवाडचे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या या गावाच्या ग्रामसभेने २०२२ च्या मे महिन्यात विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला: कुंकू पुसणे नाही, बांगड्या फोडणे नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे नाही. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. ग्रामपंचायतींना! शहरातल्या सोसायट्यांना कुणी परिपत्रक पाठवले नाही. त्या आधीच सुधारलेल्या असतील, असे शासनाला वाटले असणार.

मावशींच्या त्या एका वाक्यानंतर दोन नंबरच्या आजींनी माळ थांबवली आणि विचारले, “वहीत घराचे नंबर लिहिलेत ना? मग नंबरच वाचा. नावं कशाला हवीत?”

इतके सोपे! त्याच बैठकीत नवी वही आली. तिच्यात ‘सौ.’ नाही, ‘श्रीमती’ नाही. एक ते छत्तीस आकडे, आणि प्रत्येक आकड्यापुढे घरातल्या जितक्या बायका तितक्या रेघा. छत्तीसनंतर आजींच्याच सांगण्यावरून एक ओळ वाढली: फाटकाजवळची खोली. रखवालदाराची बायको फाटकाच्या आत राहते हे सगळ्यांना ठाऊक होते. ते कागदावर प्रथमच आले. मावशींसाठीही एक रेघ पडली.

हळदीकुंकू झाले २०२५ च्या रथसप्तमीच्या आदल्या रविवारी. गच्चीवर सतरंज्या, सुगडांत गाजर, बोरे, उसाचे करवे, हरभरे, गव्हाच्या ओंब्या. निमंत्रण द्यायला आजी स्वतः, काठी टेकीत, नऊ नंबरला गेल्या होत्या. काकू आल्या. फिकट निळी साडी, हातात हलव्याचे डबे. चौदा नंबरमधल्या शिक्षिकाही आल्या. त्या घटस्फोटित आहेत आणि जुन्या वहीत त्यांचेही नाव नव्हते, हे त्या संध्याकाळपर्यंत फार जणींच्या ध्यानातसुद्धा आलेले नव्हते. काकूंनी सुनेच्या गळ्यात तन्मणी बांधला, दंडाला बाजूबंद बांधले. काटा त्या वर्षी सुरेख आला होता. जानेवारीतले दिवस कोरडे गेले होते.

मग करंडा घेऊन ती मुलगी काकूंपुढे उभी राहिली. तिचा हात थबकला नाही. काकूंनीच तो धरला आणि म्हणाल्या, “हळद लाव. कुंकू राहू दे. माझं मन अजून तिथवर आलेलं नाही.” मुलीने हळद लावली, वाण दिले, वाकून नमस्कार केला. शिक्षिकाबाईंनी हळद आणि कुंकू दोन्ही लावून घेतले आणि उखाणा घ्या म्हटल्यावर आपल्या शाळेच्या नावाने घेतला. हशा झाला, टाळ्या झाल्या.

सगळे गोड झाले असे मात्र मी लिहिणार नाही. तीन घरच्या बायका आल्या नाहीत. एकीला ताप होता, दोघींना नव्हता. त्यातली एक काकूंची फार जुनी मैत्रीण, रोज सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जाणारी. त्यानंतर आठ दिवस काकू एकट्याच फिरल्या. नवव्या दिवशी दोघी पुन्हा बरोबर दिसल्या. काय बोलणे झाले ते त्यांचे त्यांना ठाऊक. काकूंनी कुंकू नाकारले म्हणून काही जणी म्हणाल्या, “बघा, त्यांनाच नको होतं, उगाच एवढा खटाटोप.” मला यात खटाटोपाचे सार्थकच दिसते. कुंकू लावायचे की नाही हे काकूंचे काकू ठरवतील, उद्या ठरवतील, कधीच ठरवणार नाहीत. तो त्यांचा प्रश्न. त्यांना जिना चढून वर बोलवायचे की नाही हा मात्र आमचा होता, आणि त्याचे उत्तर आम्ही त्यांच्या संकोचावर ढकलून मोकळ्या होत होतो.

शेजार ही मोठी नाजूक वस्तू आहे, वाचकहो. फराळाची ताटे देऊन, रिकामे ताट परत पाठवायचे नाही म्हणून चार चकल्या घालून, भरिताची वाटी, सुंठवड्याची पुडी, तिळाची चिमूट देऊन घेऊन ती चमचा चमचा घडते. पाक सुकेपर्यंत बोटे फिरवत बसावे लागते. थंडीचे चार महिने या घडणीचे. म्हणूनच या महिन्यांत जो बाहेर राहिला तो वर्षभर बाहेर राहतो. उन्हाळ्यात कुणाला बोलवायचे राहिले तर ते लक्षात येत नाही, कारण कुणीच कुणाला बोलवत नाही. थंडीत बाकीची सारी दारे उघडी असतात. म्हणून एक बंद दार फार मोठे दिसते, आतल्या माणसाला तर फारच.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा चकल्यांचे डबे भरलेले असतील आणि मुले किल्ल्यासाठी माती मागत असतील. तुमच्या सोसायटीतही अशी एखादी वही असेल. संक्रांत यायला अजून अवकाश आहे. दिवाळीच्या गडबडीतून पाच मिनिटे काढा आणि ती वही एकदा नावे न वाचता, नुसत्या घरांच्या नंबरांनी वाचून पाहा. कुठला नंबर गळला आहे ते लगेच कळेल.

आमच्याकडे काकूंनी यंदाचे तीळ आताच निवडून ठेवले आहेत. तीन नंबरमध्ये बाळ झाले आहे. बोरन्हाणाला मुकुट हवा. आभाळ मात्र या दिवसांत थोडे भरून येते आहे, आणि काकू रोज सकाळी खिडकीतून वर बघतात.